पाहुण्या डॉक्टरांच्या गुरू

सातासमुद्रापलीकडून डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यशास्त्राचे विद्यार्थी नगर जिल्ह्यातल्या एका दुष्काळी तालुक्यात शिकायला येतात. त्यांना शिकवतात खेड्यातल्या बाया. पाहुणचार म्हणजे नुसते खाऊपिऊ घालणे नव्हे, हे जामखेडने दाखवून दिले आहे.

घरी परदेशी पाहुणा येणार म्हटले, की आपल्याकडे आठवडाभर आधीपासून लगबग सुरू होते. पडदे धुतले जातात, कपाटातली ठेवणीतली भांडी बाहेर निघतात, पुरणपोळी करायची की श्रीखंड, यावर घरात खल होतो. तिखट चालेल का, पाणी उकळून द्यायचे का, या काळजीने घरची गृहिणी अर्धी होते. पाहुणा आला की हार, शाल, श्रीफळ. मग एखादा किल्ला, एखादे देऊळ आणि योग असेल तर एखादे लग्न. चार दिवसांनी पाहुणा भरपूर फोटो काढून हसतमुखाने निरोप घेतो आणि घर पुन्हा आपल्या कामाला लागते.

यात वावगे काहीच नाही. पण पाहुणा सहलीला आलेलाच नसेल तर? तो डॉक्टर असेल, शिक्षिका असेल, शेतीखात्यातला अधिकारी असेल आणि आपला व्यवसाय दुसऱ्या देशात कसा चालतो, हे पाहण्यासाठी आला असेल, तर त्याला काय दाखवायचे? कोणाची भेट घडवायची? आणि तो परत गेल्यावर आपल्या गावाच्या पदरात काय उरायचे?

हे प्रश्न सोपे वाटले तरी सोपे नाहीत. अशा भेटींचे कौतुक पुष्कळ होते. त्यांचा उपयोग किती होतो, हे मात्र क्वचितच तपासले जाते.

घरात राहून देश पाहायचा

परक्या देशातील व्यावसायिकाने हॉटेलात न उतरता कोणाच्या तरी घरी राहावे आणि दिवसा आपल्याच व्यवसायातल्या माणसांबरोबर हिंडावे, ही कल्पना जुनी आहे. तिला मोठ्या प्रमाणावर रूप दिले ते रोटरी संस्थेने. १९६५ मध्ये रोटरी फाउंडेशनने ‘ग्रुप स्टडी एक्स्चेंज’ हा उपक्रम सुरू केला. एका देशातील रोटरी जिल्हा आणि दुसऱ्या देशातील रोटरी जिल्हा यांची जोडी जमवायची आणि दोघांनी एकमेकांकडे चमू पाठवायचे, अशी ही पद्धत होती. चमूचा प्रमुख रोटरीचा सभासद असे. बाकीचे तरुण व्यावसायिक मात्र सभासद नसावेत आणि सभासदांचे जवळचे नातेवाईकही नसावेत, असा दंडक होता. म्हणजे सभासदांनी आपल्याच मुलाबाळांना परदेशवारी घडवावी, ही सोय मुळातच बंद केलेली होती!

चार ते सहा आठवड्यांचा हा दौरा असे. विमानाचे भाडे फाउंडेशन देई. राहणे, जेवणखाण आणि स्थानिक प्रवास ही यजमान जिल्ह्याची जबाबदारी. चमू एका गावात काही दिवस राही, मग पुढच्या गावी जाई. प्रत्येक ठिकाणी नवे घर, नवे यजमान. महाराष्ट्रातही असे चमू येऊन गेले. सुरुवातीला फक्त पुरुषांसाठी असलेल्या या उपक्रमात पुढे स्त्रियाही सामील झाल्या. २०१३ मध्ये हा उपक्रम थांबवण्यात आला आणि त्याच्या जागी व्यवसाय-प्रशिक्षणासाठी चमू पाठवण्याची नवी पद्धत आली. या चमूंनी ठरावीक विषय घेऊन जायचे आणि शिकणे किंवा शिकवणे हे नेमके काम करायचे, असे ठरले.

या बदलातच एक मोठी गोष्ट दडलेली आहे. ओळख वाढवणे चांगले. पण निव्वळ ओळखीपुढे जाऊन ठोस काही शिकणे-शिकवणे घडावे, अशी गरज वाटू लागली होती. महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मात्र हे धडे कित्येक वर्षे आधीपासून गिरवले जात होते.

आधी पाहुणे, मग यजमान

जामखेड हा तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला तालुका. पाऊस कमी, जमीन हलकी, हंगाम संपला की माणसे ऊसतोडीला बाहेर पडणार. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येथे आले आणि त्यांनी ‘सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू केला.

दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. नगर जिल्ह्यातल्याच वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केल्यावर एक गोष्ट त्यांना बोचू लागली. बरा करून घरी पाठवलेला रोगी काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येत होता. रोगाचे मूळ गावात, पाण्यात, उपासमारीत आणि अज्ञानात होते. रुग्णालय त्याला पुरे पडत नव्हते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फुलब्राइट शिष्यवृत्तीवर हे दांपत्य अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी आपापल्या शाखेचे पुढचे शिक्षण घेतले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तेथील प्राध्यापक कार्ल टेलर यांचा जन्म मसुरीचा आणि त्यांच्या कामाचा मोठा भाग पंजाबातल्या खेड्यांत गेलेला. जामखेडच्या प्रकल्पाचा आराखडा या अमेरिकेतल्या मुक्कामातच तयार झाला.

म्हणजे पुढे जगाचे यजमान झालेले हे पतिपत्नी आधी स्वतः पाहुणे होते. परक्या देशात जे शिकले ते त्यांनी जसेच्या तसे इथे आणले नाही. मोठ्या यंत्रांचे रुग्णालय उभे करण्याऐवजी त्यांनी विचारले, की खेड्यातल्या माणसाला परवडेल आणि त्याच्या हातात राहील असे काय करता येईल?

जामखेडला येतानाही त्यांनी एक पथ्य पाळले. गावाने बोलावले तरच जायचे. गावकऱ्यांनी बोलावले आणि दवाखान्यासाठी गुरांच्या दवाखान्याची रिकामी पडलेली इमारत दिली. पहिला पाहुणचार असा जामखेडकरांनी केला आणि तो पुढे फार मोठा ठरला.

ज्यांना कोणी विचारत नव्हते

सुरुवातीला खेड्याखेड्यांत शिकलेल्या परिचारिका ठेवून काम चालवण्याचा विचार होता. पण बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेला एकट्याने खेड्यात राहणे अवघड होते आणि गावच्या बायकाही तिच्यापाशी मन मोकळे करत नव्हत्या. मग गावातल्याच एका बाईला शिकवून तयार करावे, असा विचार पुढे आला. तिची निवड गावाने करायची. ती बहुधा प्रौढ, लेकुरवाळी, अनेकदा निरक्षर आणि पुष्कळ ठिकाणी दलित समाजातली असे.

या बाया आठवड्यातून दोन दिवस जामखेडला येऊन शिकू लागल्या. गरोदर बाईची तपासणी कशी करायची, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, बाळंतपणात स्वच्छता कशी राखायची, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, हे सारे त्यांनी चित्रांतून, गाण्यांतून आणि प्रत्यक्ष पाहून आत्मसात केले. त्याहून अवघड धडा होता तो एकत्र बसण्याचा. निरनिराळ्या जातींच्या बाया एका पंगतीला जेवल्या आणि रात्री एकाच मोठ्या गोधडीखाली झोपल्या. ज्या काळात गावच्या विहिरीवर शिवाशिव पाळली जात होती, त्या काळातली ही गोष्ट आहे.

पाण्याचेही तसेच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या भीषण दुष्काळात कूपनलिका खोदायची वेळ आली, तेव्हा शक्य असेल तेथे पाणी दलित वस्तीतच शोधावे, असा आग्रह आरोळ्यांनी धरला. पाणी तेथे लागले आणि सारे गाव घागरी घेऊन त्या वस्तीत येऊ लागले. भाषण न करता भिंत थोडी खचली. गावातल्या पुरुषांना एकत्र आणायला तर त्यांनी व्हॉलीबॉलचा खेळ कामाला लावला. खेळता खेळता तरुण शेतकरी मंडळे उभी राहिली, पाठोपाठ महिला मंडळे आली.

परिणाम आकड्यांत दिसतो. काम सुरू झाले त्या सुमारास या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. पुढच्या दोन-अडीच दशकांत हा आकडा तिसाच्या खाली आला.

जग जामखेडच्या दारी

ही वार्ता जगभर गेली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून चाललेल्या आरोग्यकार्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात जामखेडवर एक प्रकरण होते. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथील परिषदेत प्राथमिक आरोग्याची जी घोषणा झाली, तिच्यातील विचार जामखेडच्या खेड्यांत त्याआधीच कृतीत उतरला होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. साहजिकच पाहुण्यांची रीघ लागली. नव्वदच्या दशकात तर त्यासाठी जामखेडला आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थाच उभी राहिली. आशिया, आफ्रिका, युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा सर्व खंडांतून, शंभराच्या आसपास देशांतील लोक तेथे येऊन शिकून गेले आहेत.

आता खरी गंमत पाहा. हे पाहुणे म्हणजे पदव्यांची माळ लावलेले डॉक्टर, परिचारिका, आरोग्य खात्याचे अधिकारी, विद्यापीठांतले विद्यार्थी. त्यांना शिकवणार कोण? खेड्यातल्या या आरोग्य कार्यकर्त्या! पाहुण्याने त्यांच्याबरोबर सतरंजीवर बसायचे, त्यांच्या मागोमाग वस्तीत जायचे, बाळंतिणीच्या घरी त्या काय बोलतात, कोणत्या शब्दांत समजावतात ते दुभाष्याच्या मदतीने ऐकायचे आणि शंका असेल तर त्यांनाच विचारायची.

पाहुण्याला यातून जे मिळते ते कोणत्याही व्याख्यानातून मिळणार नाही. निरक्षर माणूस अडाणी नसतो, हे त्याला डोळ्यांनी दिसते. आपले ज्ञान आपल्याजवळ कोंडून ठेवण्याऐवजी दुसऱ्याच्या हाती दिले, तर ते कमी होत नाही, हे त्याला कळते. आपल्या देशात परतल्यावर तो जामखेडची हुबेहूब नक्कल करू शकणार नाही, करूही नये. पण आपल्या गावातल्या माणसांकडे पाहण्याची त्याची नजर बदललेली असते.

आणि यजमानांना काय मिळते? ज्या बाईला एके काळी गावात कोणी ओट्यावर बसू देत नव्हते, तिच्यासमोर दूर देशीचा डॉक्टर वही उघडून बसलेला सारे गाव पाहते. तिच्या शब्दाला गावात वजन येते. सुनेला दवाखान्यात पाठवायला तयार नसलेली सासूही मग तिचे ऐकते. पाहुणचाराचा हा लाभ पैशांत मोजता येत नाही.

झुंबर आणि पणती

देवाणघेवाण म्हटली की येणे-जाणे दोन्ही बाजूंनी हवे. जामखेडच्या बायाही परदेशी गेल्या. १९८८ मध्ये मुक्ताबाई पोळ या आरोग्य कार्यकर्तीने अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भाषण केले. समोर जगातले नामवंत तज्ज्ञ बसलेले.

सभागृहातल्या लखलखत्या दिव्यांकडे बोट दाखवून मुक्ताबाईंनी डॉक्टरांची तुलना झुंबराशी केली. झुंबर सुंदर खरे, पण महागडे आणि सामान्यांच्या हाती न येणारे. आपण मात्र पणतीसारख्या आहोत, असे त्यांनी सांगितले. पणती साधी, स्वस्त. पण एका पणतीने दुसरी पेटवता येते, झुंबराला ते जमत नाही. आरोग्यशास्त्राच्या वर्तुळात हा दृष्टान्त आजही सांगितला जातो. ही उपमा कोणा सल्लागाराने लिहून दिलेली नव्हती; रोज संध्याकाळी दिवा लावणाऱ्या हातांची ती होती.

पाहुणचाराची दुसरी बाजू

मात्र अशा भेटींत धोकेही आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गरिबी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे गावाचे प्रदर्शन होऊ शकते. न विचारता मुलांचे फोटो काढले जातात. चार दिवसांसाठी आलेला शिकाऊ विद्यार्थी रोग्याला हात लावू पाहतो. वास्तविक परदेशी डॉक्टरलाही आपल्याकडे रीतसर परवानगीशिवाय रोगी तपासता येत नाही. पाहुण्यासाठी रस्ता झाडला जातो, शाळेतली मुले तासन्‌तास उन्हात उभी राहतात आणि पाहुणा गेला की सारे पहिल्यासारखे. अशा भेटीतून पाहुणाही काही शिकत नाही. त्याला फक्त झाडलेला रस्ता दिसतो.

जामखेडने यावर शोधलेला उपाय साधा आहे. पाहुणा मदत द्यायला नव्हे, शिकायला आलेला आहे, हे दोन्ही पक्षांना आधीच ठाऊक असते. शिकणाऱ्याने गुरूचा मान राखायचा असतो. एवढे एक ठरले की फोटो काढण्याआधी परवानगी घेण्यापासून ते जमिनीवर बसून जेवण्यापर्यंतच्या पुष्कळ गोष्टी आपोआप जुळून येतात.

रायपूरची मितानिन

अशी शाळा फक्त जामखेडलाच आहे असे नाही. भोसल्यांच्या काळापासून ज्या छत्तीसगडशी मराठी माणसाचे नाते आहे, तेथे २००२ च्या सुमारास ‘मितानिन’ योजना सुरू झाली. वस्तीनेच निवडलेली बाई त्या वस्तीची आरोग्य कार्यकर्ती व्हावी, हीच कल्पना तेथेही होती. देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमण्याची योजना आली ती त्यानंतर, २००५ मध्ये. मितानिनींची संख्या पुढे साठ हजारांवर गेली आणि शहरांतल्या वस्त्यांतही त्या काम करू लागल्या. नावही किती समर्पक! छत्तीसगडात दोन माणसे विधिपूर्वक एकमेकांचे ‘मितान’ होतात आणि मग ती मैत्री दोन्ही घरे सख्ख्या नात्यासारखी पाळतात. बायकांमधली अशी मैत्रीण म्हणजे मितानिन.

समजा, रायपूरच्या तेलीबांधा भागात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाकडे परदेशातली परिचारिका आठवडाभर मुक्कामाला आली. तिला संध्याकाळी तेलीबांधा तलावाच्या काठावर फिरवून आणावेच. रायपूरकर त्या काठाला कौतुकाने मरीन ड्राइव्ह म्हणतात. पण एक सकाळ जवळच्या वस्तीतल्या मितानिनीबरोबर घालवण्याची सोय केली, तर ती पाहुणी छत्तीसगडची खरी ओळख घेऊन जाईल. मात्र मितानिनीला आधी विचारावे, तिच्या सवडीची वेळ धरावी आणि ज्या घरी जायचे त्या घराचीही संमती घ्यावी.

घरच्या यजमानांसाठी

असे पाहुणे घरी ठेवण्याचा योग कधी आपल्यालाही येऊ शकतो. मुलगा-सून ज्या संस्थेत काम करतात तेथून, महाविद्यालयातून किंवा एखाद्या सेवाभावी मंडळाकडून विचारणा होते. तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पाहुण्याचा व्यवसाय आणि त्याला काय शिकायचे आहे, हे पत्राने किंवा फोनवर आधीच विचारून घ्यावे. कार्यक्रम ठरवताना सत्कार कमी आणि काम पाहण्याच्या वेळा जास्त ठेवाव्यात. रोज थोडा मोकळा वेळ हवाच. सतत माणसांत राहून पाहुणाही थकतो.

जेवणात रोज पक्वान्ने करू नयेत. वरण-भात, भाकरी, भाजी, ताक हे आपले रोजचे जेवण त्याला आवडीने खाऊ द्यावे. तिखट बेताचे ठेवावे आणि पाणी उकळून गार केलेले द्यावे. न्हाणीघर, पाणी येण्याची वेळ, वीज जाण्याची शक्यता हे पहिल्याच दिवशी संकोच न करता सांगावे.

परदेशी नागरिक घरी मुक्कामाला असेल, तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते. हे काम आता संगणकावरून करता येते. ते टाळू नये.

घरातल्या मुलांना आणि आजी-आजोबांना गप्पांत सामील करून घ्यावे. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी बिघडत नाही. आजीने चूल कशी पेटवली, गोधडी कशी शिवली, बाळाला मालिश कशी केली, यात पाहुण्याला जेवढा रस असेल तेवढा दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणी संचात नसेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपणही त्याला प्रश्न विचारावेत. त्याच्या देशात वृद्धांची काळजी कोण घेते, बाळंतिणीला किती दिवस रजा मिळते, गरिबाला औषध कोठून मिळते, हे आपणच विचारले नाही तर देवाणघेवाणीतले ‘घेणे’ अर्धेच राहील.

डॉ. मेबल आरोळे १९९९ मध्ये आणि डॉ. रजनीकांत आरोळे २०११ मध्ये हे जग सोडून गेले. त्यांची मुले डॉ. शोभा आणि रवी यांनी काम पुढे नेले. मोठी इमारत, महागडी यंत्रे, चकचकीत सभागृह यांपैकी काही नसतानाही एखादे गाव जगाला घरी बोलावू शकते, याचा दाखला या कामाने दिला आहे. आपल्याकडे सांगण्यासारखे काय आहे आणि ते कोणाला चांगले सांगता येते, एवढे गावाने ओळखले पाहिजे. बहुधा ते माणूस शाल-श्रीफळाच्या व्यासपीठावर नसते. ते मागे कुठेतरी, पदर खोचून, आपल्या कामात असते. पाहुण्याला तिथवर नेऊन सोडणे, हाच खरा पाहुणचार!